शर्यत नसतानाच दिलेलं इंजेक्शन: अकिलिस टेंडनच्या जुन्या दुखण्याचं एक प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांचे गृहस्थ, पुण्यात बँकेत नोकरी, वजन ७८ किलो. सहा वर्षांपासून पळतात, आठवड्याला ४५ ते ५० किमी. तक्रार उजव्या टाचेच्या मागे, अकिलिस टेंडनमध्ये, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीत, टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर. मागणी एकच: जूनमध्ये घेतलं होतं तेच इंजेक्शन पुन्हा द्या. ऑगस्टचा मध्य होता. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची नोंदणी झालेली होती आणि जानेवारीतल्या टाटा मुंबई मॅरेथॉनची, तीही पूर्ण ४२ किमीची. (हे प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. अशा दुखण्यात वारंवार दिसणारं चित्र एकत्र करून ते बांधलं आहे.)

दुखणं कसं सुरू झालं

मार्चमध्ये त्यांनी बूट बदलले. जुन्या बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा १० मिमी उंच होती, नव्याची ४ मिमी. त्याच पंधरवड्यात साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाची तयारी म्हणून आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडीचे चढ सुरू केले. दोन्ही बदलांचा भार एकाच जागी पडतो. टाच खाली गेली की टेंडन जास्त ताणलं जातं, आणि चढावर घोटा पुढे वाकलेला असताना, म्हणजे टेंडन आधीच ताणलेलं असताना, पोटरीला जोर लावावा लागतो. सपाटीवर पळतानाही अकिलिसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. त्यात ही भर.

एप्रिलमध्ये सकाळची पहिली पावलं दुखू लागली. पळताना पहिला किलोमीटर त्रास, मग मोकळं, संध्याकाळी पुन्हा ठणका. हे ‘मोकळं होणं’ फसवं असतं. धावक त्यालाच बरं होण्याची खूण समजतात आणि अंतर वाढवतात. जूनपर्यंत जिना उतरणंही जड जायला लागलं. तेव्हा एका दवाखान्यात इंजेक्शन घेतलं. सोबत आणलेल्या कागदावर ‘केनाकॉर्ट ४०’ एवढंच लिहिलेलं होतं. म्हणजे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, ४० मिग्रॅ. कुठे दिलं, किती खोल दिलं, सोनोग्राफीखाली दिलं का, कशाचीच नोंद नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब. सहाव्या दिवशी १० किमी, तिसऱ्या आठवड्यात २१. सहाव्या आठवड्यात दुखणं परतलं, आणि आधीपेक्षा जास्त.

तपासणी

पालथं झोपवून पाय टेबलाच्या कडेबाहेर सोडले की दोन्ही टेंडन शेजारी शेजारी दिसतात. उजवं नुसत्या नजरेला जाड होतं. हाडापासून ४ सेमी वर चिमटीत धरल्यावर दुखणं १० पैकी ७. घोटा वर-खाली केला की ती गाठ टेंडनबरोबर सरकत होती. गाठ जागची हलली नसती तर दोष टेंडनच्या बाहेरच्या आवरणात असण्याची शक्यता जास्त होती. पाऊल वर ओढून ताणल्यावर त्याच जागी दाबलं तर दुखणं कमी झालं. ही खूणही टेंडनच्या मधल्या भागाच्या विकाराकडेच बोट दाखवते.

त्वचेवर टेंडनच्या अगदी मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा फिका डाग होता आणि तिथली कातडी पातळ, चकचकीत झाली होती. ट्रायमसिनोलोन सहजी विरघळत नाही. ते कातडीखालीच राहिलं तर तिथली चरबी झिजते आणि रंग उडतो. औषधाचा काही भाग वरच सांडला, हे त्या डागावरून कळलं. उरलेलं टेंडनभोवती गेलं की टेंडनमध्येच, हे दोन महिन्यांनी सांगता येत नाही.

पोटरी दाबल्यावर पाऊल खाली वळलं, म्हणजे टेंडन अखंड होतं. ही चाचणी दहा सेकंदांची आहे, पण स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येक टाचेवर ती करायलाच हवी. एका पायावर टाच उचलणं डावीकडे २७ वेळा जमलं, उजवीकडे ११ वेळा. तेही शेवटचे तीन अर्धवट. व्हिसा-ए या प्रश्नावलीत १०० म्हणजे निरोगी टेंडन. यांचे गुण ४२.

सोनोग्राफीत उजव्या टेंडनची पुढून मागे जाडी ८.९ मिमी, डाव्याची ५.३. आतला भाग काळपट, तंतूंची रचना विस्कटलेली. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पुढच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरलेल्या दिसत होत्या. घोटा हलवत पाहिलं तरी कुठे फट उघडत नव्हती, म्हणजे अर्धवट फाटणंही नाही. टाचेच्या हाडामागची पाण्याची पिशवी, म्हणजे बर्सा, साधी होती. हे मुद्दाम पाहावं लागतं. दुखणं हाडाला चिकटणाऱ्या टोकाशी असेल, बर्सा सुजलेली असेल, तर पुढचा सगळा हिशेब बदलतो: व्यायामात टाच पायरीखाली सोडायची नसते आणि इंजेक्शनची जागाही वेगळी.

मधुमेह आहे: रक्तात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.८, मेटफॉर्मिनची गोळी चालू. युरिक ॲसिड ठीक. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांत जात होता. तो अर्ध्या तासाहून जास्त टिकला असता, दोन्ही टाचा दुखत असत्या, किंवा घरात सोरायसिस अथवा मणक्याच्या संधिवाताचा इतिहास असता, तर आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तशा टाचेला व्यायामाच्या तक्त्याचा दोष देण्यात वर्ष वाया जातं.

‘व्यायाम करून झाला’

फाइलवर आधीच लिहिलेलं होतं: व्यायामाने फरक नाही. विचारलं तेव्हा कळलं की दोन्ही पायांवर उभं राहून टाचा उचलणं, दिवसाला तीस वेळा, साधारण तीन आठवडे, शिवाय पायरीवर पोटरी ताणणं. याला उपचार म्हणता येत नाही. स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली पंधरा हौशी खेळाडूंवर जी पद्धत मांडली, तिच्यात दुखऱ्या एका पायावर टाच हळूहळू खाली सोडायची होती. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट आणि गुडघा वाकवून १५ चे ३ सेट, हे दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०, सातही दिवस, बारा आठवडे, आणि सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन. या मापाने पाहिलं तर आपल्या रुग्णाने व्यायाम केलेलाच नव्हता. इंजेक्शनची चिठ्ठी लिहिण्याआधी हा एक प्रश्न नीट विचारला, तर निम्म्या चिठ्ठ्या लिहाव्या लागणार नाहीत, असं आमचं मत आहे.

म्हणून ऑगस्टमध्ये दुसरं इंजेक्शन नाकारलं. साताऱ्याची शर्यत रद्द. ते नाराज झाले. “सर, पाच आठवडे काहीच दुखलं नव्हतं हो, मग ते औषध चुकीचं कसं?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गोल फिरवून देऊ नये. औषधाने दुखणं थांबलं, हे खरं. पण त्या पाच आठवड्यांत टेंडन बळकट व्हावं म्हणून काहीच झालं नाही. उलट चाचणीत एका पायावर अकरा वेळा टाच उचलू शकणाऱ्या पोटरीने २१ किमी ओढले.

स्टेरॉइडबद्दल अभ्यास काय सांगतात

दोन टोकाची मतं ऐकू येतात. एका बाजूला ‘अकिलिसला स्टेरॉइड कधीच नाही, तुटतं’, दुसरीकडे ‘टोचलं की झालं’. दोन्हींना आधार कमी आहे.

जुनी भीती प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली आणि ती निराधार नाही. १९७६ साली सशांच्या निरोगी अकिलिसमध्ये थेट स्टेरॉइड टोचून पाहिलं, तेव्हा टेंडन साधारण दोन आठवडे स्पष्टपणे कमकुवत राहिलं. माणसांत टेंडनभोवती दिलेल्या इंजेक्शनचा १९८८ चा २८ रुग्णांचा ब्रिटिश अभ्यास निष्फळ ठरला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात वेगवेगळ्या टेंडनांचा एकत्र विचार होता. पहिले काही आठवडे स्टेरॉइड सरस, मात्र टेनिस एल्बोमध्ये पुढे जाऊन स्टेरॉइडवालेच मागे पडले. त्याच आढाव्यात स्टेरॉइड घेतलेल्या ९९१ जणांत टेंडन तुटण्याची घटना एकच. इतकी ती विरळ. पण तुटलं तर त्या माणसाचं वर्ष जातं.

मग २०२२ साली डेन्मार्कचा अभ्यास आला. टेंडनच्या मधल्या भागाचा विकार असलेले १०० रुग्ण, सगळ्यांना सारखाच जड वजनांचा व्यायाम, निम्म्यांना सोनोग्राफीखाली टेंडनच्या पुढच्या बाजूला स्टेरॉइड, निम्म्यांना स्टेरॉइड नसलेलं बनावट इंजेक्शन. सहा महिन्यांनी स्टेरॉइड गटाचे व्हिसा-ए गुण १७.७ ने जास्त वाढले. आधीच्या निराशेशी हे जुळत नाही असं वाटतं, पण तीन गोष्टी बघा: सुई कुठे आहे ते डोळ्यांना दिसत होतं, औषध टेंडनच्या आत नव्हतं, आणि त्याला व्यायामाची जोड होती. आमच्या रुग्णाच्या जूनमधल्या इंजेक्शनच्या वेळी यातलं एकही नव्हतं, किंवा निदान कागदावर तरी नव्हतं.

बारा आठवडे

आल्फ्रेडसनचे रोजचे १८० नोकरदार माणसाला जमत नाहीत. चौथ्या आठवड्यात लोक सोडून देतात. म्हणून आठवड्यातून तीन दिवसांची, जड वजनांची हळू पद्धत निवडली. २०१५ च्या डॅनिश तुलनेत ती आल्फ्रेडसनच्या पद्धतीइतकीच गुणकारी ठरली होती. तीन व्यायाम: बसून टाच उचलणं, लेग प्रेसवर गुडघा सरळ ठेवून, आणि स्मिथ मशीनखाली (रुळांवर वर-खाली सरकणारी वजनांची दांडी) उभं राहून. प्रत्येक वेळी वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन. सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. पहिल्या आठवड्यात १५ च्या वर जमणारच नाही असं वजन घेऊन ३ सेट. दुसऱ्या-तिसऱ्यात १२ चे ३, चौथ्या-पाचव्यात १० चे ४, सहाव्या ते आठव्यात ८ चे ४, नवव्यापासून ६ चे ४.

‘त्याच्या वर जमणार नाही असं वजन’ हे शब्द महत्त्वाचे. जिममध्ये हमखास होणारी चूक म्हणजे तक्त्यात ८ लिहिलेत म्हणून ८ करायचे आणि थांबायचं, जरी आणखी दहा सहज झाले असते. यांनीही पहिल्या पंधरवड्यात बसून करायच्या व्यायामाला १५ किलो लावले होते. एका पायावर ३० किलोने १५ व्या वेळी पाय थरथरला, तेव्हा खरा पहिला आठवडा सुरू झाला.

बुटांत दोन्ही पायांना १२ मिमीची टाचेखालची पट्टी. एकाच पायाला दिली तर कमरेची तक्रार सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या अभ्यासात बारा आठवड्यांनी या साध्या पट्ट्या टाच खाली सोडण्याच्या व्यायामापेक्षाही सरस ठरल्या. त्या मानाने आपल्याकडे त्यांचा वापर फार कमी होतो. पळणं दोन आठवडे बंद, मग सपाटीवर तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. नियम असा: पळताना दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या दहा पावलांचं दुखणं आदल्या सकाळपेक्षा जास्त नको. अभ्यासांत ५ पर्यंत मुभा दिलेली आहे. आम्ही ३ ठेवलं, कारण या टेंडनला नुकतंच स्टेरॉइड मिळालेलं होतं. सकाळचा आकडा रोज वहीत. पळतानाचं दुखणं धावक कमी सांगतात. सकाळच्या पावलांना मात्र धावण्याची हौस नसते, म्हणून तो आकडा खरा निघतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा आठवडे झाले. टाच उचलणं ११ वरून १९ वर, व्हिसा-ए ४२ वरून ५९. प्रगती होती, पण नवव्या आठवड्यापासून गाडी अडली. वजन वाढवलं की दुसऱ्या सकाळी दुखणं ६, कमी केलं की ताकद वाढेना. डॉप्लरवर रक्तवाहिन्या तशाच. इंजेक्शनचा विचार करावा तो अशा वेळी: व्यायाम खरोखर झाला आहे आणि दुखणंच पुढच्या व्यायामाच्या आड येतं आहे. जूनचं आता पाच महिन्यांमागे गेलं होतं. दिवाळीनंतरची तारीख ठरली.

स्ट्रिपचा फोटो

इंजेक्शनच्या दिवशी ठरलेला प्रश्न विचारला: गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंत? “नाही.” या उत्तरावर थांबायचं नसतं. जुलाब, लघवीची जळजळ, खोकला, दातदुखी, एकेकाचं नाव घेऊन विचारावं लागतं. तेव्हा आठवलं, दिवाळीत गावी जुलाब झाले होते, मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. बायकोला फोन केला, तिने उरलेल्या स्ट्रिपचा फोटो पाठवला. ऑफ्लोक्सॅसिन २०० मिग्रॅ, ऑर्निडाझोल ५०० मिग्रॅ.

ऑफ्लोक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन ही एकाच घराण्यातली औषधं. या गटामुळे टेंडन सुजू वा तुटू शकतं, आणि त्यात अकिलिसचा क्रमांक पहिला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ साली या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचं वय आणि स्टेरॉइड यांनी धोका वाढतो, हेही त्यात स्पष्ट आहे. त्रास गोळी सुरू केल्यावर काही तासांत होऊ शकतो, तसाच संपल्यावर काही महिन्यांनीही. आपल्याकडे जुलाबाला ही जोडगोळी चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि पेशंटच्या लेखी ती ‘पोटाची गोळी’ असते, अँटिबायोटिक नव्हे.

इंजेक्शन सहा आठवडे पुढे ढकललं. यासाठी ठरीव मुदत कुठल्या पुस्तकात नाही. हा सावधगिरीचा निर्णय होता. तोवर वजनंही ८ चे ४ एवढ्यावर रोखली आणि उड्या बंद ठेवल्या.

या ढकलण्याने मुंबई मॅरेथॉनचा प्रश्न आपोआप पुढे आला. नवी तारीख डिसेंबरच्या शेवटी, आणि शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. “देऊन टाका ना सर, मुंबई पळतो आणि मग तीन महिने पूर्ण विश्रांती घेतो.” याला सरळ नकार दिला. इंजेक्शननंतरचे तीन-चार आठवडे सर्वांत कमी दुखण्याचे आणि सर्वांत कमी भरवशाचे. त्यातच ४२ किमी घालायचे म्हणजे जूनचीच गोष्ट दुपटीने. एक तर शर्यत, नाही तर इंजेक्शन. दोन दिवस विचार करून त्यांनी शर्यत सोडली. त्यांनी शर्यत निवडली असती तर आम्ही टाचेच्या पट्ट्या, कमी अंतर आणि पॅरासिटामॉलवर त्यांना निभावून नेलं असतं, आणि सुई फेब्रुवारीत.

इंजेक्शन

आधी सोनोग्राफी पुन्हा. सहा आठवड्यांत नवी फट आली असेल तर सगळं रद्द. नव्हती.

पालथं झोपवून घोटा टेबलाबाहेर, काटकोनात. त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसून कोरडी होऊ दिली. सोनोग्राफीचा प्रोब आडवा धरला की टेंडन अंडाकृती दिसतं आणि त्याच्या पुढे चरबीची गादी. सुई घोट्याच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूने, प्रोबच्या रेषेतच आडवी घातली. बाहेरून गेलं तर सुरल नर्व्ह हा मज्जातंतू वाटेत येतो. आतून जाताना मात्र सुई टेंडनला लगटूनच ठेवायची, कारण थोडं पुढे घोट्यामागचा मोठा मज्जातंतू आणि धमनी आहेत. सुई २५ गेजची, दीड इंची. औषध मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिग्रॅ, म्हणजे १ मिली, आणि बधिर करणारं १ टक्का लिग्नोकेन १ मिली. कुपी नीट हलवून घ्यावी लागते, नाही तर औषध तळाशी बसतं आणि सिरिंजमध्ये नुसतं पाणी येतं. ट्रायमसिनोलोन टाळलं, कारण कातडी आधीच एकदा झिजलेली होती.

सुईचं टोक टेंडन आणि चरबीच्या मधे दिसलं की दट्ट्या हलक्या हाताने दाबायचा. औषध जायला जोर लागला तर टोक टेंडनमध्ये आहे, असं समजून थांबायचं, मागे यायचं, पुन्हा बघायचं. दाबून भरायचं नाही. इथे ते सहज गेलं आणि पडद्यावर टेंडनच्या पुढे काळी पट्टी पसरताना दिसली. सुई काढण्याआधी थोडं नुसतं लिग्नोकेन सोडून ती धुतली, म्हणजे परतीच्या वाटेवर कातडीखाली स्टेरॉइड सांडत नाही. टेंडनला भोसकून छिद्रं पाडण्याचा प्रकार केला नाही. स्टेरॉइडसोबत तो करूच नये.

उजवा पाय असल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे आधीच सांगितलं होतं. तरी ते स्कूटरवर आले होते. स्कूटर भावाने नेली.

पुढचे आठवडे

पहिले दोन दिवस ठणका वाढला. स्टेरॉइडच्या कणांमुळे असं होतं. पॅरासिटामॉल आणि बर्फ पुरला. ठणका तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिला, जागा लाल-गरम झाली किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी यायचं. उपाशीपोटीची साखर ११८ होती, ती दुसऱ्या दिवशी १९६ झाली आणि सहाव्या दिवशी पूर्ववत. मधुमेह असलेल्याला हे आधी सांगितलं नाही तर तो घाबरून स्वतःच गोळ्या वाढवतो आणि आठवड्याने साखर खाली कोसळते.

लेखी सूचना एका पानावर दिल्या होत्या. त्यात सर्वांत वर: टाचेमागे ‘फट्’ असा आवाज, मागून कोणी काठी मारल्यासारखं वाटणं, चवड्यावर उभं राहता न येणं, यातलं काहीही झालं तर चालू नका, थेट हॉस्पिटल. दुखणं थोडं आहे म्हणून थांबू नका. स्टेरॉइडनंतर तुटलेलं टेंडन कधी कधी फारसं दुखत नाही.

पहिले तीन दिवस फक्त घरातलं चालणं. चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत टाच उचलून धरून ठेवणं, ४५ सेकंद, पाच वेळा, आणि बसून टाच उचलणं आधीच्या निम्म्या वजनाने. पळणं नाही, उडी नाही, बसमागे धावणंसुद्धा नाही. नवव्या दिवशी त्यांचा मेसेज आला: सकाळचं दुखणं ० किंवा १ आहे, पाच किमी हळू पळू का? जूनमधला सहावा दिवस आणि हा नववा, दोन्हीकडे पाय सारखाच सांगत होता. फरक एवढाच की या वेळी हातात तक्ता होता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजनं परत डिसेंबरच्या पातळीवर आणली. पाचव्या आठवड्यात ६ चे ४ सेट, जे नोव्हेंबरमध्ये दुखण्यामुळे अडले होते, ते विनातक्रार झाले. इंजेक्शनचं खरं काम इथे दिसलं. बसून टाच उचलण्याचं वजन सातव्या आठवड्यात एका पायावर ६० किलोवर गेलं.

पाचव्या आठवड्यापासून सपाटीवर पळणं-चालणं, सहाव्यानंतर दोरीउड्या. सातव्या आठवड्यात मित्रांसोबत वेताळ टेकडीवर १२ किमी झाले, तक्त्याबाहेर. दुसऱ्या सकाळी दुखणं ४. आणखी एका इंजेक्शनची मागणी त्याच दिवशी आली. २०२२ च्या डॅनिश अभ्यासात चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीनपर्यंत मुभा होती. तरी दिलं नाही: या टेंडनला जूनचं धरून दोन झालीच होती, ताकद वाढत होती, आणि चुकलेल्या एका दिवसावर औषध नसतं. दोन आठवडे चढ बंद, वजनं चालू. तिसऱ्या आठवड्यात सकाळचा आकडा १.

पीआरपीचंही, म्हणजे प्लेटलेट्सचं प्रमाण वाढवलेल्या रक्तद्रवाच्या इंजेक्शनचंही, मध्येच विचारून झालं. स्वतःच्या रक्तातून काढतात म्हणून ते निरुपद्रवी आणि नैसर्गिक वाटतं, खर्च हजारोंच्या घरात. अकिलिसच्या मधल्या भागासाठी २०१० चा डच अभ्यास (५४ रुग्ण) आणि २०२१ चा ब्रिटिश अभ्यास (२४० रुग्ण), दोन्हींत ते बनावट इंजेक्शनपेक्षा वरचढ ठरलं नाही. तेवढ्या पैशांत वर्षभराची जिम होते.

ज्यांची उत्तेजक चाचणी होऊ शकते अशा धावकांसाठी आणखी एक बाब. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात कुठल्याही मार्गाने टोचलेलं स्टेरॉइड निषिद्ध आहे. टेंडनभोवतीच्या इंजेक्शनला स्पर्धेआधी किमान ३ दिवसांचं अंतर सांगितलं आहे, ट्रायमसिनोलोनला १० दिवसांचं. तेच ट्रायमसिनोलोन कमरेत, स्नायूत दिलं तर ६० दिवसांचं. म्हणून औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि जागा लिहिलेला कागद खेळाडूजवळ हवाच. ‘केनाकॉर्ट ४०’ एवढ्याने भागत नाही.

जूनअखेरची नोंद: इंजेक्शनला सहा महिने. व्हिसा-ए ८७. एका पायावर टाच उचलणं उजवीकडे २५, डावीकडे २८. टेंडनची जाडी ८.० मिमी, डॉप्लरवर जवळजवळ काही नाही. जाडी पूर्ववत होण्याची वाट पाहायची नाही आणि त्यासाठी पुन्हा सोनोग्राफी करायची नाही, असं त्यांना सांगितलं आहे. जाड टेंडन वर्षानुवर्षं न दुखता पळतं. वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, कायम. एप्रिलपासून आठवड्यातून एक चढाचा दिवस आहे: २०० मीटरचे चार चढ पळत, उतार चालत. ते आठ झाले आणि दुसऱ्या सकाळचा आकडा २ च्या आत राहिला, तर सप्टेंबरमध्ये यवतेश्वरचा घाट, जुन्या १० मिमीच्या बुटांत.